पिशवीवरची उगवण आणि रानातली उगवण

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात भाताची पेरणी पावसाच्या आधी होते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणी नक्षत्राच्या आसपास, तापलेल्या कोरड्या मातीत कुरीने बी सोडले जाते आणि मग आभाळाकडे बघत दिवस मोजले जातात. ही धूळवाफ पेरणी. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पाटण-जावळीच्या पश्चिमेकडच्या भागात पाऊस सुरू झाल्यावर चिखल करून रोपे लावण्याची रीत जास्त. एका बियाण्याच्या वाट्याला चटके, दुसऱ्याच्या वाट्याला चिखल. पण पहिले आठ-दहा दिवस दोन्हीकडच्या शेतकऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो: उगवेल ना?

या प्रश्नाचे अधिकृत उत्तर बियाण्याच्या पिशवीवरच्या लेबलवर छापलेले असते. भाताच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असली पाहिजे, असा दंडक आहे. तो १९६६ च्या बियाणे कायद्याच्या चौकटीत येतो. ही टक्केवारी ठरते प्रयोगशाळेत. मोजून घेतलेले दाणे ओल्या कागदात ठेवायचे, तापमान एकतर २५ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवायचे किंवा २० आणि ३० अंशांत आलटून-पालटून, आणि चौदाव्या दिवसापर्यंत निकोप रोपे मोजायची. ओल हवी तेवढी, हवा हवी तेवढी, उष्णता बेताची. बियाणे सुखात असताना कसे वागते, याचा हा आकडा आहे. तो खोटा नाही. पण मेच्या दुपारी उघड्या रानातली मातीची वरची पापडी ५० अंशांच्या पुढे जाते आणि रात्री निवते. त्यात वळिवाची एखादी सर येऊन पुन्हा चार दिवस ऊन पडते. त्या मातीबद्दल ८० हा आकडा काहीच सांगत नाही. तरीही उगवण फसली की वाद या एकाच आकड्याभोवती फिरतो.

तापमान बियाण्याच्या आत नेमके काय करते, हे आता बऱ्यापैकी उलगडले आहे. ते समजून घेतले, तर हा आकडा किती तोकडा आहे हे लक्षात येते.

कोरडे बी मेलेले नसते, थांबलेले असते. १२-१३ टक्के ओलाव्यावर त्याच्या पेशींमधला द्रव इतका घट्ट होतो की रेणूंना हलायला जागा उरत नाही. पाणी मिळाले की पहिल्या काही तासांत दाणा फुगतो, पण त्यात जिवंतपणाचा काही पुरावा नाही. मेलेला दाणाही तसाच फुगतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. सुकताना विस्कटलेली पेशींची पटले पुन्हा नीट बसवायची, तुटलेला डीएनए सांधायचा. दाणा भरतानाच लिहून ठेवलेले काही जनुकीय निरोप कोरड्या बियाण्यात जपलेले असतात. ते वाचून पहिली प्रथिने तयार होतात. एवढी डागडुजी झाली की मग निर्णय होतो, उगवायचे की थांबायचे.

हा निर्णय मुख्यतः दोन संप्रेरकांच्या ओढाताणीत होतो. ॲब्सिसिक आम्ल म्हणते थांब, जिबरेलिन म्हणते निघ. यातल्या जिबरेलिनची ओळख जगाला भातानेच करून दिली. बुरशीच्या एका रोगात भाताची रोपे सरळसोट, लांबलचक वाढून कोलमडतात. जपानी शेतकरी त्यांना ‘मूर्ख रोप’ म्हणत. १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवून दिले की ही वाढ त्या बुरशीने सोडलेल्या एका द्रव्यामुळे होते. पुढे त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव मिळाले आणि वनस्पती स्वतःही ते बनवतात हे कळले. ते ओळखणारे प्रथिन मात्र बरेच उशिरा, २००५ मध्ये, जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांना सापडले. तेही भातातच.

काम असे चालते. दाण्याच्या एका टोकाला असलेला अंकुर जिबरेलिन तयार करतो. कोंड्याच्या आतल्या बाजूला जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तिथे एक प्रथिन वाढीचा ब्रेक दाबून बसलेले असते. जिबरेलिन आले की ते ब्रेकचे प्रथिन मोडीत काढले जाते, मग अमायलेज नावाचे विकर बनवणारी जनुके सुरू होतात, आणि अमायलेज दाण्यातल्या पिठाची साखर करून अंकुराला पुरवते. नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व बाळासाठी शिजवताना पातळ राहते, ते याच विकरामुळे. पॉलिश केलेला तांदूळ कितीही भिजवला तरी उगवत नाही, कारण अंकुर आणि तो जिवंत थर दोन्ही गिरणीत कोंड्याबरोबर निघून गेलेले असतात.

या साखळीतल्या प्रत्येक कडीवर तापमानाचा हात आहे. भाताला साधारण ३० अंशांच्या आसपास सगळे जमून येते. १०-१२ अंशांच्या खाली विकरे मंदावतात, पेशींची पटले ताठरतात, जिबरेलिन तयार व्हायला वेळ लागतो आणि ‘थांब’ म्हणणारे आम्ल रेंगाळत राहते. डिसेंबरात मटकीला मोड यायला एक दिवस जास्त लागतो, तो याच कारणाने. म्हणून तर घराघरांत फडक्यातली मटकी चुलीजवळ किंवा डब्यात झाकून ठेवतात. कोकणात भाताचे बी भिजवून, पोत्यात भरून, पेंढ्याखाली दडपून मोड आणतात आणि मग चिखलात फोकतात. दाण्यांच्या श्वसनाची ऊब आतच राहावी, ही त्या ‘रहू’ पद्धतीतली युक्ती आहे. रेणूंची नावे माहीत नसताना बसवलेले हे गणित चोख आहे.

शिराळ्यात अडचण दुसऱ्या टोकाला आहे. तिथेही नीट पाहिले, तर उष्णता एकटी गुन्हेगार ठरत नाही. कोरडे बी उष्णता आश्चर्यकारकपणे सोसते. ताज्या भातबियाण्याची सुप्तावस्था मोडण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये ते कोरडेच पाच दिवस ५० अंशांवर ठेवतात, आणि त्यानंतर ते उत्तम उगवते. म्हणजे धूळवाफेत तापलेल्या मातीत पडलेले कोरडे बी लगेच भाजून निघते, ही भीती बरीचशी अनाठायी आहे. जुन्या माणसांनी ही रीत आंधळेपणाने धरलेली नाही.

धोका सुरू होतो तो अर्धवट ओलीपासून. वळिवाने वरची दोन बोटे माती भिजली, दाण्याने पाणी घेतले, डागडुजी सुरू झाली आणि पुन्हा ऊन पडले. आता तो दाणा पूर्वीचा राहिलेला नाही. ओल्या अवस्थेत ४० अंशांच्या पुढे प्रथिनांच्या घड्या उलगडायला लागतात आणि त्या सावरण्यातच बियाण्याची शक्ती जाते. लेट्यूस आणि अरॅबिडॉप्सिस या वनस्पतींवरच्या प्रयोगांत तर असे दिसले आहे की, भिजलेल्या बियाण्याला जास्त उष्णता मिळाली की ते नव्याने ॲब्सिसिक आम्ल बनवायला घेते, म्हणजे स्वतःच थांबण्याची आज्ञा काढते. थांबले तर एक वेळ ठीक. पण मूळ बाहेर पडल्यावर माती सुकली, तर परतीची वाट नसते. मूळ फुटण्यापूर्वी भिजलेला दाणा पुन्हा सुकला तरी जगू शकतो. मूळ थोडे लांबले की कोरडे पडून जगण्याची ती क्षमता हरवते. धूळवाफेचा सगळा जुगार या दोन-तीन दिवसांत आहे.

आणि हे दिवस आता ठरल्या वेळी येत नाहीत. २०२३ मध्ये मॉन्सून ८ जूनला केरळात आला, ११ जूनला कोकणात पोहोचला आणि तिथेच अडकला; राज्याच्या बहुतेक भागात तो पसरायला २५ जून उजाडला. रोहिणीत पेरलेले बी अशा वर्षी महिनाभर मातीत पडून राहते. २०२५ मध्ये उलटे झाले. मेच्या मध्यापासूनच पावसाने पाठ सोडली नाही, २४ मेला मॉन्सून केरळात आणि २६ मेला मुंबईत. धूळवाफेला लागणारी धूळच अशा वर्षी राहत नाही, घात मिळत नाही, आणि पेरलेल्या रानात पाणी साचले तर बी गुदमरते.

गुदमरण्यातही तापमानाचा हिस्सा आहे. पाणी जितके कोमट, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. आणि ऊब जितकी जास्त, तितकी दाण्याची प्राणवायूची गरज मोठी. पाण्याखाली भाताचा दाणा आपला क्रम बदलतो: एरवी आधी येणारे मूळ मागे ठेवतो आणि कोंबाभोवतीची नळी वर ढकलतो, पाण्याबाहेर नाक काढावे तशी. त्यासाठी पिठाची साखर प्राणवायूशिवाय करावी लागते. काही मोजक्या वाणांना ते चांगले जमते. ब्रह्मदेशातल्या एका वाणात यामागचे एक जनुक २०१५ मध्ये नेमके ओळखले गेले. ते साखरेचा प्रवाह वाढत्या कोंबाकडे वळता ठेवते.

इथवर उगवण व्हावी म्हणून धडपड. ऑक्टोबरात नेमकी उलटी प्रार्थना सुरू होते.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला परतीच्या आणि अवकाळी पावसाने महाराष्ट्रभर काढणीला आलेली पिके भिजली. आडव्या पडलेल्या भाताच्या लोंब्यांना जागेवरच मोड येणे हे दृश्य पाटण आणि शिराळ्याच्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. दाणा पक्व, हवा उबदार, ओल भरपूर: जूनमध्ये जे हवे असते ते सगळे ऑक्टोबरात हजर असते. अशा वेळी दाणा वाचतो तो सुप्तावस्थेमुळे, म्हणजे ॲब्सिसिक आम्लाची पकड अजून सुटलेली नसल्यामुळे. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी कसालथ या इंडिका भातातून सुप्तावस्थेचे एक महत्त्वाचे जनुक शोधले. निप्पोनबारे या जपानी वाणात त्याचे रूप दुबळे निघाले, म्हणून त्याचे बी चटकन उगवते. दोन वर्षे आधी, २००८ मध्ये, इटलीच्या एका जुन्या वाणातून थंडीतही जोमाने उगवण्याचे जनुक मिळाले होते; अंकुराला झाकणाऱ्या उती सैल करून ते त्याची वाट मोकळी करते.

दोन्ही शोध अभिमानाने सांगितले जातात, पण एकत्र ठेवले की अडचण दिसते. एक जनुक बियाण्याला पटकन उठवते, दुसरे त्याला झोपवून ठेवते. माणसाने हजारो वर्षे निवड केली ती पेरल्याबरोबर एकसारखे उगवणाऱ्या बियाण्याची, आणि त्या निवडीत सुप्तावस्था झिजत गेली. आज शेतकऱ्याला हवे आहे ते असे बी, जे नोव्हेंबरपर्यंत गाढ झोपेल आणि जूनमध्ये एका हाकेत उठेल. हे अशक्य नाही. चार-सहा आठवड्यांची सुप्तावस्था असलेले वाण मळणीनंतर साठवणीत आपोआप जागे होण्याच्या स्थितीला येतात. नोव्हेंबर ते मे एवढा काळ त्याला पुरून उरतो. प्रश्न इतकाच की कोणत्या वाणाची झोप किती आठवड्यांची, हे शेतकऱ्याला कोण सांगते? वाणाच्या माहितीपत्रकात पक्व होण्याचे दिवस असतात, उत्पादन असते, दाण्याचा आकार असतो, करपा आणि तपकिरी तुडतुड्यांची नोंद असते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी आज पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्याचा वास कसा, भात किती मऊ होतो हे कुणीही सांगेल. त्याचे बी लोंबीवर किती दिवस झोपते, हे किती जणांना सांगता येईल?

पावसात भिजलेल्या दाण्याचे नुकसान त्या हंगामापुरते राहत नाही, हेही २०१९ ने दाखवले. पुढच्या वर्षी, २०२० च्या खरिपात, राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला, आणि काढणीच्या वेळी भिजलेले बियाणे हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. भाताचेही तसेच आहे. मोडाच्या वाटेवर अर्धे गेलेले बी सुकवून पोत्यात भरले, तर ते दिसायला ठणठणीत असते, पण आतली शिदोरी खर्च झालेली असते. त्यावर साठवणीतले तापमान. बियाण्याचा ओलावा एक टक्क्याने वाढला की त्याचे आयुष्य निम्मे होते, आणि तापमान पाचेक अंशांनी वाढले तरी निम्मे, असा हॅरिंग्टन यांचा जुना ठोकताळा आहे. शेणाने लिंपलेल्या कणगीतून बी पत्र्याच्या छपराखालच्या प्लास्टिकच्या पोत्यात आले, तेव्हा हे दोन्ही भाग वाढले. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली हात घालून पाहिला, तर वेगळ्या पुराव्याची गरज पडत नाही.

मग करायचे काय? जनुकांकडे बोट दाखवणे सोपे आहे. मे २०२५ मध्ये भारताने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले; त्यांचा भर उत्पादन, पाणी आणि क्षार यांवर आहे. उगवणीच्या जनुकांवरही काम होईल, आणि नेहमीच्या संकरातूनही ती जनुके इथल्या वाणांत आणता येतील. पण त्याला वर्षे लागतात. त्याआधी करण्यासारखी कामे फार साधी आहेत, आणि ती होत नाहीत हेच खटकते.

पिशवीवर दुसरा आकडा हवा. सुखातल्या उगवणीबरोबर त्रासातली उगवण. बियाणेशास्त्राला हे नवे नाही. बियाणे ४० अंशांच्या पुढच्या दमट उष्णतेत काही दिवस ठेवून मग उगवून पाहण्याची, म्हणजे त्याला मुद्दाम लवकर म्हातारे करून त्याचा जोम तपासण्याची पद्धत अनेक पिकांत रूढ आहे. ८५ टक्के उगवणीच्या दोन पिशव्यांपैकी एक या परीक्षेनंतर ७५ वर राहू शकते आणि दुसरी ४० वर येऊ शकते. प्रयोगशाळेत दोघी सारख्या, रानात नाहीत. यावर बियाणे क्षेत्रातून येणारा आक्षेप असा की, प्रत्येक शेत वेगळे, कोणते तापमान धरून आकडा छापायचा? आक्षेपात तथ्य आहे, पण तो २५ अंशांच्या आकड्यालाही लागू होतो. शिराळ्याचे एकही रान मेमध्ये दिवसरात्र २५ अंशांवर नसते. दुसरा, सहसा न बोलला जाणारा आक्षेप असा की असा आकडा छापला की जबाबदारी वाढेल. ती वाढावीच.

त्याबरोबर मातीचेही मोजमाप हवे. मंडळामंडळांत पाऊस मोजला जातो, हवेचे तापमान मोजले जाते; पेरणीचा सल्ला त्यावर बेतलेला असतो. बी मात्र हवेत नसते, पाच सेंटिमीटर खाली असते. तिथली उष्णता आणि ओल हवेच्या आकड्यांवरून नीट कळत नाही, कारण काळी माती, मुरमाड माती, उतार, बांधाची सावली प्रत्येक ठिकाणी हिशेब बदलतात. मातीत खुपसायचा तापमापक काही महाग यंत्र नव्हे. धूळवाफ होणाऱ्या गावांत मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत रोज सकाळी आणि दुपारी अशा दोन नोंदी ठेवल्या, तरी काही वर्षांत त्या भागाचा स्वतःचा हिशेब तयार होईल: किती मिलिमीटर पावसानंतर किती दिवस ओल टिकते, आणि त्या दिवसांत माती किती तापते. ही कामे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या आणि कृषी विभागाच्या आवाक्यातली आहेत; कऱ्हाडच्या कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना तर हा घराजवळचा अभ्यास ठरेल.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच मोठा. उगवण फसली की तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज जातो, पाहणी होते, पंचनामा होतो. विकणारा म्हणतो हवामान, पेरणारा म्हणतो बी. दोघांपैकी कुणाकडेच त्या दहा दिवसांच्या मातीचा आकडा नसतो. पाहणी होईपर्यंत रान नांगरून दुबार पेरणी झालेली असते किंवा पावसाने पुरावा धुऊन नेलेला असतो. अशा वेळी शंका हवामानाच्या खात्यावर टाकली जाते आणि तोटा शेतकऱ्याच्या. मातीची नोंद असती, तर निदान एवढे ठरले असते की माती उगवणीजोगी होती की नव्हती.

शेतकऱ्याच्या हातातही थोडे आहे. तीन टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटरला ३०० ग्रॅम मीठ, बी बुडवून तरंगणारे पोचट दाणे काढणे आणि उरलेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे, ही शिफारस जुनी आहे. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहण्याची चाचणीही कृषी विभाग दर वर्षी करून दाखवतो. त्यात एक भर घालता येईल. एक गुंडाळी घरात सावलीला ठेवावी आणि दुसरी दुपारभर पत्र्याखाली. दोन्ही सारख्या ओल्या. दोन आकड्यांमधले अंतर जितके मोठे, तितके ते बी धूळवाफेला कच्चे. असे बी फेकायचे नाही, तरव्यासाठी राखायचे. तिथे पाणी हाताशी असते. आणि ही चाचणी पेरणीच्या आदल्या दिवशी नव्हे, मेच्या पहिल्या आठवड्यात करायची, म्हणजे बी बदलायला पंधरा दिवस हाती राहतात.